समुद्राकडची खिडकी

मुरूड-अलिबाग एसटीत एक कोळीण मावशी मला नेहमी भेटते. चढल्याचढल्या भांडून समुद्राकडची खिडकी मिळवते. "सरक गो, मला मळमळतंय!" परतीच्या गाडीत समुद्र दुसऱ्या बाजूला येतो, तशी मावशीची मळमळही बाजू बदलते.

परवा काशीदजवळ तिची बडबड एकदम थांबली. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड बाहेर वळवलं. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पंजांत वळवळता साप घेऊन पाण्यावरून उठत होता, आणि त्याच्याखाली डॉल्फिनच्या करड्या पाठी एकामागून एक वर येत होत्या. मावशीनं उठून मला खिडकीत बसवलं आणि स्वतः टोपली सांभाळत उभी राहिली.

"मावशी, तुम्हाला मळमळेल ना!"

"कदी मळमळलंच न्हाय," समुद्रावरची नजर न काढता ती म्हणाली.