एका मुलीची टक्केवारी

आमच्या शाळेतल्या भूकंपग्रस्त विद्यार्थ्यांचा निकाल सलग तीन वर्षं शंभर टक्के लागला. मुख्याध्यापक प्रत्येक सभेत हे वाक्य उभं राहून म्हणत आणि टाळ्या होत. असा विद्यार्थी आमच्याकडे एकच होता, तीही एक मुलगी, हे कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

अर्धापूरजवळच्या एका गावातली ती जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. मी तिथं गणित शिकवत होते आणि एका मुसलमान शिंप्याच्या घरातली पुढची खोली घेऊन एकटी राहत होते. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर रोज पट लिहावा लागे: मुले, मुली, अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्याक, इतर. भूकंपानंतर मुख्याध्यापकांनी पट्टी लावून लाल खडूनं आणखी एक रकाना आखला. त्यात आकडा कायम एक. एका मुलीची टक्केवारी काढायला गणिताची बाई लागत नाही. ती शंभर असते, नाहीतर शून्य.

ती पाचवीत आली, लातूरकडच्या एका गावातून, मामाकडे राहायला. मामा केळीच्या बागांत घड कापायला जायचा. दाखला आणलेला नव्हता, कारण दाखला देणारी शाळाच उरली नव्हती. पहिल्या दिवशी वर्गात शिरल्यावर तिनं फळ्याकडे पाहिलं नाही, वर पाहिलं. "पत्रं हायती," असं स्वतःशीच म्हणाली आणि दाराजवळच्या जागी बसली. तिच्या घराला मातीचं जाड माळवद होतं. आई आणि धाकटा भाऊ त्याखालीच राहिले. एवढं तिनं एकदा सांगितलं. पुढं मी विचारलं नाही.

त्या दिवसांत सगळी वाहतूक उलट्या दिशेनं चालली होती. लातूरच्या शिकवण्यांचं नाव आमच्या गावापर्यंत पोचलं होतं. ज्यांच्या केळीच्या बागा मोठ्या, त्यांची मुलं लातूरला गेली. ज्यांच्या जरा लहान, त्यांची नांदेडला. दिवाळी झाली की माझा पुढचा बाक रिकामा व्हायचा. दाखला न्यायला आलेले वडील संकोचून म्हणायचे, तुमच्यात काही कमी नाही बाई, पण तिकडं वातावरण आहे. मग वर्गात उरायची घड कापणाऱ्यांची मुलं, मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुली, आणि आमच्या शिंप्याची पुतणी. निकाल खाली आला. त्याचं कारण आम्ही शिक्षक मुलांच्या घरची परिस्थिती असं देत असू. निकाल वर होता तेव्हा त्याचं कारण आमचं शिकवणं होतं.

लातूरहून इकडं आलेली ती एकटीच.

मधल्या सुट्टीत बाकीची मुलं घरी जेवायला जात. तिच्या मामाच्या घराला त्या वेळी कुलूप असे. मला खोलीवर जाता आलं असतं, पण भिंतीकडे तोंड करून दोन वेळा जेवण्यापेक्षा एक वेळ बरी. ती उंबऱ्याबाहेर बसायची, मी आत टेबलापाशी. भाजीची अदलाबदल व्हायची, बोलणं फारसं नाही. तीन वर्षं माझी जेवणाची सोबत एवढीच होती.

सातवीच्या वार्षिक परीक्षेत तिचा गणिताचा पेपर कोरा आला. नाव, बैठक क्रमांक आणि नीट आखलेला समास. एरवी तिचे गणितात वर्गात सगळ्यात जास्त गुण असत. मी तिला व्हरांड्यात बोलावून विचारलं.

"बाई, मला नापास करा," ती म्हणाली. "सरकारनं बांधलेल्या नव्या गावात बापाला घर मिळालंय. सातवी झाली की न्यायला येतो म्हणला, भाकरी करायला कोणी न्हाई. घर स्लॅपचं हाय. मला त्यात झोप न्हाई यायची. मी हितंच बसते, अजून एक साल."

मी मामाला भेटले. तो म्हणाला, पोरीचा बाप न्यायला आला तर मी अडवणारा कोण. पण सातवी अर्धी राहिली असं सांगता आलं, तर वर्षभर थांबेल तो. म्हणजे पोरीचा हिशेब बरोबर होता.

मुख्याध्यापकांचाही बरोबर होता. "बाई, तुम्ही कशाचा विचार करून राहिल्या? जिल्ह्याला शून्य टक्के कळवू का मी?" तोंडी परीक्षा घ्या, म्हणाले, आणि काय द्यायचे ते गुण द्या.

मला नाही म्हणता आलं असतं. ती राहावी असं मलाही वाटत होतं, आणि वाटत होतं म्हणूनच मी स्वतःवर शंका घेतली. डब्याला सोबत हवी म्हणून मुलीला नापास करणारी बाई आपण होऊ नये, असा तो विचार होता. त्या वेळी तो मला फार थोर वाटला.

तोंडी परीक्षेत ती गप्प बसली. पाढे नाहीत, अपूर्णांक नाहीत. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मी वही मिटली आणि, प्रश्न म्हणून नव्हे, सहज म्हणाले, "शाळा उघडायला आता किती दिवस आहेत, कुणास ठाऊक."

"अठ्ठेचाळीस," ती लगेच म्हणाली.

एप्रिलचे उरलेले, मे पूर्ण, जूनचे काही. बोटांवर न मोजता. मीही त्या दिवशी सकाळी मोजले होते, अठ्ठेचाळीसच आले होते. मी वही उघडून पस्तीस गुण लिहिले. तिनं पेनाकडे पाहिलं.

सुट्टीत मी भावाकडे गेले. परतले तेव्हा मामानं दाखला नेलेला होता. जिल्ह्याहून अभिनंदनाचं पत्र आलं, ते चौकटीत घालून कार्यालयात लावलं. फळ्यावरच्या लाल रकान्यात मुख्याध्यापकांनी 'निरंक' लिहिलं. मधल्या सुट्टीत मी खोलीवर जाऊन जेवू लागले.

शाळा दरवर्षी जूनच्या ज्या तारखेला उघडायची, ती त्या वर्षी रविवारी आली होती. आम्हा दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं. शाळा एकोणपन्नासाव्या दिवशी उघडली. तिचं उत्तर एकानं चुकलं होतं.