काट्यावरचं कुत्रं

इमानतळावरचं गवत काढायला मी रोज जाते. तिथं चार माणसांची बारकी इमानं उतरत्यात. चढायच्या आधी सगळं काट्यावर तोलायचं, माणूससुदिक. काल एक साहेब त्यांचं म्हातारं कुत्रं घेऊन आले, तर वजन जास्त भरलं.

"काहीतरी एक खाली ठेवावं लागेल," पायलट म्हणाला.

साहेबांनी आपली बॅग माझ्या हातात दिली. "मावशी, परत येईपर्यंत सांभाळा."

"आन् कापडं वो?"

"अंगावर आहेत की!" साहेब हसले.

मला सासू आठवली. धरणात आमचं गाव गेलं तवा एकच ट्रक मिळाला, तोबी गच्च भरलेला. आमचा कुत्रा खंड्या खाली राहिला आन् मागनं पळत सुटला. सासूनं ट्रक थांबवला, तिचं माहेरचं जातं उतरवून ठेवलं आन् खंड्याला वर घेतलं.

मी म्हनलं, "आत्याबाई, दळायचं कशावर?"

"दळू कुणाच्यातरी जात्यावर. पन नव्या गावात आपल्याला वळखणारं एक तरी नको का?"

पहिलं वरीस नव्या गावात आमच्या दारात कुणी आलं न्हाई. कामावरनं आलं की खंड्या तेवढा शेपूट हालवत सामोरा यायचा. त्याच्यावर मी दिस काढले. पन सासूला कधी बोलले न्हाई, की आत्याबाई, बरं केलंत.

इमान उडालं. खिडकीला कुत्र्याचं तोंड दिसत होतं. मी बॅग पदरानं पुसली आन् सावलीत ठेवली. पाण्याखालचं जातं काय मला पुसाय मिळायचं न्हाई.