रोल्ल्यातले पिवळे पतंग

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आखाताबद्दल कुणी विचारलं, की खजूर आणि उंच इमारती सांगून वेळ मारून नेत असे.

नव्वदच्या दशकात मुलीकडे अबुधाबीला गेलो होतो. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, अभ्यास पतंगांचा. जावयाच्या ओळखीचे सावंत शारजात लाकडाच्या गोदामात होते. ब्राझीलहून आलेल्या फळ्यांना चिकटलेले कोश त्यांच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, घरी पाळले होते. ते पाहायला मी बसने शारजातल्या त्यांच्या भागात, रोल्ल्याला निघालो. बाहेर पांढरी पडलेली वाळू, आत एसीने गारठलेले गुडघे.

"सर, बघून बसा," सावंत दारातच म्हणाले. "सोफ्यावर आमचे पाहुणे असतात."

बुटांच्या खोक्यांत रेशीम-पतंग होते. काही तपकिरी, काही हळदीसारखे पिवळे. मागच्या पंखांवर डोळ्यासारखा ठिपका. शेजारी बशीत साखरपाणी.

"यांना खायला तोंडच नसतं, वहिनी."

"म्हणजे उपाशीच संसार!" त्या हसल्या. "पण सर, पिवळे ते नर, तपकिरी त्या माद्या. कोशातून निघालेल्या एकाच मादीच्या अंड्यांतले. सिद्रचा (तिथली बोर) पाला घालून वाढवलेत. सगळं वहीत आहे."

तपकिरी जात माहितीतली होती; पिवळा पतंग कुठल्याच पुस्तकात नव्हता. नवी जात आपल्या हातून नोंदली जावी, ही माझी जन्माची इच्छा.

"खोकी मिसळली असतील तुमची."

"मी रोज बघते हो त्यांना."

"शास्त्र स्वयंपाकघरात होत नाही, वहिनी."

त्यांनी एकेका खोक्याचं झाकण लावलं.

"खलास, पुरे आता! यल्ला, चला सर, जेवायला," सावंत म्हणाले. "सुरमई गार होतेय."

निघताना वहिनींनीच दोन्ही रंगांचे नमुने कापसात गुंडाळून दिले.

पुण्यात येऊन मी पिवळ्या पतंगाचं नवी जात म्हणून वर्णन छापलं. 'पाळणाऱ्या गृहिणीच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत,' असंही त्यात लिहिलं. तो अंक सावंतांना पाठवला. काही वर्षांनी ब्राझीलच्या अभ्यासकांनी तेच पतंग अंड्यांपासून वाढवले. पिवळा हा तपकिरीचाच नर निघाला. माझी जात रद्द झाली.

दोन हजार सालानंतर पुन्हा रोल्ल्याला गेलो, ब्राझीलच्या अभ्यासकांचा निबंध खिशात घेऊन. वहिनींनी चहा दिला. मी वहीची चौकशी केली.

"ती टाकली, सर. चुकीचीच होती ना."

मी कप उचलला. "चहात पुदिना आहे वाटतं," म्हणालो.

निबंध खिशातच पुण्याला परत आला. वहिनी आता नाहीत. वहिनी, नर पिवळेच होते. वही बरोबर होती, चूक माझी होती.