राखणदाराचा डावा पाय

सुमंगला टीचरांच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी पाणमांजराच्या विष्ठेचा एक डबा असे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, ‘खाऊ नये’. पेडण्याच्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंचा नेमकेपणा तो. तरी एकदा त्यांच्या मुलाने, रुद्रेशने, घाईघाईत तो डबा उघडलाच, आणि पुढचे आठ दिवस बांगड्याचं हुमण त्याच्या घशाखाली उतरलं नाही. टीचरांनी त्याची समजूत काढली की मासळीचा वास आला ना, मग जनावर निरोगी आहे, काळजी करू नकोस.

रुद्रेशची मुलगी गौरवी मात्र आजीच्या वळणावर गेली होती. पाचव्या वर्षापासून ती आजीबरोबर खाडीकाठच्या देवराईत जायची, ओल्या रेतीवरचे पंजे मोजायची, आणि कोणाच्या घरी पाहुणी गेली की तिथल्या मंडळींना पाणमांजर शी करायला कुठे बसतं ते जेवणाच्या पानावर सविस्तर सांगायची. आजी पत्त्यांत राजरोस लबाडी करायच्या आणि गौरवीने पकडलं की तिला पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गरम उंडा बक्षीस द्यायच्या. निरीक्षण शिकवायची ही त्यांची रीत. नातीवर त्यांचा इतका जीव होता की तिला ताप आला तर थर्मामीटर दर तासाला लावून त्याचा आलेख काढत बसायच्या.

ती देवराई देवस्थानच्या मालकीची. तिच्या मधोमध एक झर, आणि झरीपाशी राखणदाराची शिळा. राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवर पहारा करणारा अदृश्य माणूस. त्याला वर्षातून एकदा रोट द्यायचा, विडी द्यायची आणि दसऱ्याला दहा नंबरच्या नव्याकोऱ्या चामडी वहाणा ठेवायच्या. पुढच्या दसऱ्याला त्या उचलून तळ बघायचे. झिजलेले असले तर राखणदार गावात फिरतो आहे, आणि तो फिरतो आहे तोवर राईतल्या पानालाही कोणी हात लावायचा नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी मात्र वहाणा सलग तीन वर्षं कोऱ्या निघाल्या. राखणदार गाव सोडून गेला, असं लोक बोलू लागले, आणि त्याची जागा घ्यायला बाहेरच्या पार्ट्या लगेच हजर झाल्या. कोणाला हॉटेल बांधायचं होतं, कोणाला बंगले. टीचरांचं माहेर डिचोलीचं. तिथली त्यांच्या लहानपणाची झर खाणीच्या मातीखाली गेलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये पाणी, खारफुटी आणि पाणमांजर यांवर चित्रांसह व्याख्यान ठेवलं. सात माणसं आली. त्यांतली दोन पंख्याखाली झोपली, आणि एक चुकून आली होती.

पुढच्या दसऱ्याला वहाणा झिजलेल्या निघाल्या.

तेव्हापासून दर वर्षी झिजतच राहिल्या. वर्गात पोरं विचारायची की टीचर, राखणदार खरंच असतो का. त्या फळ्याकडे तोंड करून सांगायच्या की वहाणा झिजतात हे निरीक्षण, का झिजतात हे शोधणं तुमचं काम, आणि आता पुस्तकाचं बासष्टावं पान उघडा.

गेल्या दिवाळीत टीचर अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या. दहा महिने त्यांनी खाटेवरून घरावर राज्य केलं. चवथ झाली, गणपती गेले, आणि त्यानंतर एका दुपारी त्यांनी गौरवीला जवळ बोलावून दार लावायला सांगितलं. गौरवी तेव्हा म्हापशाला एका लॅबमध्ये नोकरीला होती. तिला वाटलं, आजी पाटल्यांबद्दल बोलणार.

“गो बाय, राखणदार चलता,” आजी म्हणाल्या, “पण पाय माजे.”

मग सगळं बाहेर आलं. रोज पहाटे त्या पाणमांजरं मोजायला जात, तेव्हा शिळेपुढच्या वहाणा पायांत सरकवून झर ते मानस आणि मानस ते झर अशा दोन फेऱ्या मारत. मानस म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार. परत येऊन वहाणा पुसून जागच्या जागी ठेवत. यंदा त्यांना जाता आलं नव्हतं. वहाणा कोऱ्याच असणार, आणि राई विकत मागणाऱ्या दिल्लीच्या एका पार्टीचा नकाशा देवस्थान समितीच्या कपाटात दसऱ्याची वाट पाहत होता. राहिलेलं चालणं आता गौरवीने करायचं होतं.

गौरवी चाटच पडली. पत्त्यांतली लबाडी वेगळी, ही तर सबंध गावाशी केलेली लबाडी, असं तिने तोंडावर सांगितलं. आजीने शांतपणे विचारलं की मी राखणदार आहे असं कधी म्हटल्याचं तुला आठवतं का? “हांव कायच बोलूंक नाय. हांव फकत चल्लंय.” शेवटी गौरवीने चालायचा शब्द दिला, आणि चार दिवसांनी टीचर गेल्या.

गौरवी खूप रडली. त्या दुःखात तिच्या मानगुटीवर वहाणाही बसल्या. बारा दिवस सुतक, तेव्हा राईत पाय ठेवायची सोय नव्हती. सुतक फिटलं तेव्हा दसऱ्याला चौदा दिवस उरले होते. चौदा दिवसांत वर्षाची झीज कशी करायची, याचं गणित आजीने घालून दिलं नव्हतं. नातीने तळ घासायला एक कानसही विकत घेऊन ठेवली.

पहिल्या पहाटे ती राईत शिरली तर झरीच्या कठड्यावर गोकुळदास बसलेले. देवस्थान समितीचे अध्यक्ष, टीचरांचे जुने विद्यार्थी, आणि दिल्लीच्या पार्टीला “दसऱ्याक बघुया” असं मोघम उत्तर देऊन टांगून ठेवणारे. गाव म्हणायचं की गोकुळदास आतून विकायच्याच बाजूचे आहेत. ते पंच्याखाली पाय दुमडून बसले होते. म्हणाले की शुगर आहे, डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलंय. पण चालायचं सोडून ते बसून होते. गौरवीने आपण फुलं काढायला आल्याचं सांगितलं. राईत त्या दिवसांत फूल औषधालाही नव्हतं. दोघांनी एकमेकांच्या थापा आदराने ऐकून घेतल्या आणि ती परत आली.

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी गेली, तर गोकुळदास हजर. तिसऱ्या दिवशी तासभर उशिरा गेली, तरी ते हजरच, आणि घामाघूम. पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत म्हातारा हलायचा नाही, आणि त्यानंतर वाटेवर माणसांची ये-जा सुरू व्हायची. गौरवी घरी येऊन चिडचिड करी आणि मनाशी म्हणे, हा माणूस पार्टीचा पहारेकरीच झाला आहे, वहाणांना कोणी हात लावू नये म्हणून बसतो आहे. एकदा तिने रिकाम्या करंडीत घरच्या जास्वंदी आधीच घालून नेल्या, तर त्यांनी कौतुकाने विचारलं की कुठल्या झाडावर मिळाल्या. चौदाच्या चौदा दिवस असे गेले. कानस कोरी राहिली.

दसऱ्याला सगळा गाव राईत जमला. आजीला दिलेला शब्द आपण मोडला, आजची संध्याकाळ ही झरीची शेवटची, हे गौरवीच्या मनातून जाईना. गाऱ्हाणं घालणारा घाडी सखाराम पुढे झाला. गोकुळदासांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की वहाणा कोऱ्या निघाल्या तर नकाशा सभेपुढे येईल. सखारामने राखणदाराला हाक घातली, लोकांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि त्याने वहाणा उचलून उलट्या केल्या.

तळ झिजलेले होते. उजव्या वहाणेचा बेताने, डावीचा सपाटून, आणि टाचेची बाहेरची कड तर दुसऱ्या थरापर्यंत गेलेली.

गौरवी पुढे वाकली. ती झीज ती ओळखत होती. अकरा वर्षांपूर्वी पाणमांजराच्या पिल्लांमागे जाताना आजी मानशीवर घसरल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा डावा गुडघा नीट वाकत नसे, आणि घरातल्या त्यांच्या प्रत्येक चपलेची नेमकी तीच कड गेलेली असे. म्हणजे अकरा वर्षं राखणदारही डाव्या पायाने लंगडत होता. सगळ्या पोरांना निरीक्षण शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या टाचेकडे कधी पाहिलं नव्हतं. आणि दर दसऱ्याला तळ बघणाऱ्या, त्यांच्याच हाताखालून गेलेल्या या गावाने ते पाहिलं नसेल? तिने आजूबाजूला बघितलं. एकाही चेहऱ्यावर नवल नव्हतं. बायका पदराआड हसत होत्या. सखारामने घसा खाकरून दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, आणि या वेळचं “व्हय म्हाराजा” खाडीपलीकडे गेलं असेल.

रोट वाटताना गोकुळदास अनवाणी पुढे आले. त्यांच्या डाव्या टाचेला पट्टी होती. गौरवी त्यांच्याजवळ गेली आणि तिने विचारलं की काका, शुगर कशी आहे.

“शुगर बरी आसा. गुडघो तेवढो दुखता. उगीच लंगडप सोपां न्हय गो बाय.” मग ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले की टीचर पडल्या त्या आठवड्यापासून आपण चालतो आहोत. आठवीत गोकुळदासांनी शेजाऱ्याचं उत्तर आपल्या प्रयोगवहीत उतरवलं, तेव्हा टीचरांनी तो प्रयोग त्यांच्याकडून सात वेळा करून घेतला होता. “एकान केलां तर योगायोग, दुसऱ्यान करून तोच निकाल आयलो तरच प्रयोग. त्यांचीच शिकवण.”

गौरवीला हसू आलं आणि मग रडू आवरेना. गोकुळदास रोटाचा तुकडा तिच्या हातावर ठेवून म्हणाले की अकरा महिने पुष्कळ झाले, आता पाळी तुझी, आणि फुलांची थाप बदल.

दुसऱ्या पहाटे झरीचा कठडा रिकामा होता. गौरवीने दहा नंबरच्या नव्या वहाणांत आपले पाच नंबरचे पाय घातले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि मानशीच्या वाटेला लागली. दहा-बारा पावलं ती सरळच चालली. मग आठवण झाली, तशी ती थांबली, आणि डावा पाय तिने आजीसारखा टाकला.