शेवटचा हात

गाडीचं दुखणं गाडीला हात न लावता, नुसत्या मालकाच्या तोंडाकडे बघून ओळखणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि माझं नशीब असं थोर की तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मूळचे पाटणकडचे. अख्खी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली आणि निवृत्तीनंतर ते सांगलीला, विश्रामबागेत, आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहायला आले. माझ्या लग्नात त्यांनी आधी फुलांनी सजवलेली गाडी तपासली, मग मला. "इंजिन झकास हाय," एवढंच ते म्हणाले. ते गाडीबद्दल होतं, यावर माझ्या सासरी आजही सगळ्यांचं एकमत आहे.

यंत्र निर्दोष असतं, ही मामांची श्रद्धा. "मशीन बेइमानी करत न्हाई, जावईबापू. माणूस करतो." त्यामुळे कोणतीही गाडी आली की ते पायरीवर बसून राहत आणि पहिला प्रश्न टाकत, "शेवटचा हात कुणाचा?" मग मालकाची उलटतपासणी सुरू होई. काल कुठं गेलता, कोण बसलं हुतं, काय बदललं, काय धुतलं. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांची स्कूटर एकदा सुरूच होईना, तर मामांनी त्यांच्याकडून अख्ख्या दिवसाचा जबाब घेतला. चहाचा दुसरा कप संपता संपता भाजीबाजाराचा विषय निघाला. हँडलला अडकवलेल्या पिशवीने इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं गेलं होतं. मामांनी जागेवरून न उठता सांगितलं, "सर, बटन वर करा." प्राध्यापक पुढे महिनाभर हीच गोष्ट सांगत फिरत होते. बॉनेट उघडायची वेळ आलीच, तर मामा आधी घड्याळ आणि अंगठी काढून रुमालात बांधत. लष्करात असताना एका जवानाची अंगठी बॅटरीला टेकली आणि त्याचं बोट भाजलं, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून बघ्यांनासुद्धा अंगठ्या काढायला लावत. गल्लीत सोन्याचा खरा धाक चोरांचा नव्हता, मामांचा होता.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला दोन वर्षं लागली.

साताऱ्याला नात्यातलं लग्न होतं आणि आमच्या गाडीची बॅटरी संपली होती. आदल्या सकाळी मामांनी नवी बॅटरी बसवली, एका चावीत गाडी सुरू करून दाखवली आणि ते जेवायला घरी गेले. दुपारी घरात मी एकटाच होतो. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हे आईने लावलेलं वळण. हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, पण मन भरेना. शक्ती निघते ती जागा बांधावी, असं वाटलं. म्हणून पाना घेऊन अधिक खुणेच्या बाजूची वायरची पकड सैल केली, तिथे लाल धाग्याचे पाच वेढे घातले आणि वर पकड पुन्हा आवळली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सुवाहक आणि दुर्वाहक हा धडा माझा विशेष आवडता आहे.

सकाळी बायको, मेहुणा, सगळे नटूनथटून गाडीत बसले. मी चावी फिरवली. दिवे लागले, आतून 'टक' असा आवाज आला आणि पुढे काही नाही. मामांना बोलावलं. त्यांनी सवयीने विचारलं, "शेवटचा हात कुणाचा?"

"तुमचाच की!" मेहुणा घड्याळ बघत म्हणाला. "आवं मामा, वय झालं आता. हात थरथरतोय तुमचा."

सगळे हसले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण मेहुण्यासमोर, बायकोसमोर, विज्ञानाचा मास्तर मी! गप्प राहिलो.

मामांनी अंगठी काढली, रुमालात बांधली आणि बॉनेट उघडलं. मी बाजूलाच उभा होतो. धागा त्यांना दिसला. आपल्या बोटांना लागलेल्या कुंकवाकडे त्यांनी बघितलं, मग एकदाच माझ्याकडे. पाठ जराशी वळवून मेहुण्याची नजर अडवली, पाच वेढे सोडवले, धागा खिशात टाकला आणि पकड घट्ट केली. "मारा चावी." गाडी गरजली.

"काय हुतं मामा?" मेहुण्याने विचारलं.

"काय न्हाई रं गड्या. काल मीच ढिल्लं सोडलं. शेवटचा हात माझा."

साताऱ्यापर्यंत सगळे त्यांची चेष्टा करत होते आणि ते हसत होते. मी समोरचा रस्ता सोडून कुठेही बघितलं नाही. ती गोष्ट गल्लीत पसरायला दोन दिवस पुरले. हळूहळू लोक गाड्या गॅरेजला नेऊ लागले. प्राध्यापकसुद्धा.

गेल्या महिन्यात मी मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "काय झालं गाडीला? शेवटचा हात कुणाचा?"

"माझा, मामा. तेव्हाही माझाच होता."

मामा उठले. आत जाऊन अवजारांची पेटी घेऊन आले. तिच्या कडीला तो लाल धागा बांधलेला होता. "पूजा चांगली केलती जावईबापू. जागा तेवढी चुकली."

त्याच संध्याकाळी मी मेहुण्याला फोन केला, प्राध्यापकांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मेहुणा बराच वेळ हसला आणि मग मामांना फोन लावतो म्हणाला. प्राध्यापक म्हणाले, "अरे अरे! येईन हो कधीतरी स्कूटर घेऊन." अजून आलेले नाहीत. मामा मात्र रोज संध्याकाळी पायरीवर बसलेले असतात, अंगठी आधीच काढून रुमालात बांधलेली.