तिसरा रकाना

श्री. दामोदर सोनावणे यांच्याशी माझी पहिली ओळख पंख्याच्या बटणांवरून झाली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते कंट्रोल पॅनलच्या विभागाचे प्रमुख होते. यंत्रावर कोणते बटण कुठे, कोणता दिवा कशासाठी, हे त्यांच्या विभागात ठरे. मी जांभूळच्या शाळेत शिकलेला, लहानशा वर्कशॉपमध्ये काही वर्षे ट्रेसिंग केलेला माणूस. ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी त्यांच्यापुढे उभा होतो. माझी ड्रॉइंगची गुंडाळी त्यांनी उघडलीच नाही.

"भोईर, तो खिडकीजवळचा पंखा लावा बघू."

भिंतीवर एका ओळीत आठ बटणे होती. मी तीन चुकीची दाबली. भलतेच पंखे फिरले आणि टेबलावरचे कागद उडाले.

"चूक कुणाची?" साहेबांनी विचारले.

"माझी, साहेब."

"तुमची कशी? ही बटणं अशी ओळीनं कुणी लावली, त्याचं नाव सांगा."

"मला कसं ठाऊक असणार?"

"मलाही ठाऊक नाही. सहा वर्षं विचारतोय सगळ्यांना." हे म्हणताना ते हसले नाहीत. ते खरोखरच विचारत होते, हे मला पुढे कळले.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या तांत्रिक कामाविषयी जाणकार लिहितीलच. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एका कुतूहलाविषयी. काम नेमके कुणी केले, हे जाणून घेण्याची त्यांना विलक्षण ओढ होती.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन नावांना जागा असते: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. साहेबांना ती अपुरी वाटे. प्रत्येक पॅनलच्या ड्रॉइंगला ते आणखी एक कागद जोडायला लावत. त्यावर तीन रकाने असत. मी काय केले, इतरांनी काय केले, आणि कुणाचे ते सांगता येत नाही. मी एकदा भीतभीत म्हणालो, "साहेब, हा तिसरा देवाचा रकाना दिसतो."

साहेब विहारात जाणारे, देव न मानणारे. ते म्हणाले, "देवाला कशाला कामाला लावता? आधी मशीनवरच्या बायकांना विचारा. त्यांनाही नाही आठवलं, तर मग तुमचा देव." पण माझ्या एकादशीला त्यांच्या खणात न चुकता दोन केळी असत. कॅन्टीनमध्ये मी काही घेत नाही, हे त्यांनी न सांगता टिपले होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उल्हासनगरच्या एका बिस्किट कारखान्यातून तक्रार आली की आमच्या यंत्रावर बायकांचा हात चुकीच्या बटणावर जातो. साहेब आणि मी तिथे अख्खा दिवस उभे होतो. पार्वतीबाई नावाच्या ऑपरेटर होत्या. त्यांनी यंत्र थांबवण्याच्या लाल बटणावर कपाळाची टिकली चिकटवली होती. पुड्यांवरची नजर न काढता बोटाला बटण सापडावे म्हणून.

"वडी साईं, देखो," कारखान्याचे सिंधी शेठ म्हणाले, "मशीन को दुल्हन बना दिया इसने!"

"दुल्हन तर दुल्हन," पार्वतीबाई उत्तरल्या. "माझी बोटं तर वाचतात ना, शेठ."

साहेबांनी डोळे मिटले आणि किती तरी वेळ त्या बटणांवरून बोट फिरवत राहिले. पुढे मी नवे पॅनल काढले. लाल बटण बाजूला घेतलेले, त्यावर टिकलीएवढा उंचवटा. ते आमच्या सगळ्या यंत्रांवर बसू लागले.

दोन वर्षांनी ठाण्याच्या एका कंपनीत डिझायनरची जागा निघाली. आमच्याकडे पदवी नसलेल्याला ती पायरी बंद होती. ही कंपनी मात्र म्हणत होती, पदवी राहू द्या, काम दाखवा. वयाच्या अटीत मी त्या वर्षापुरताच बसत होतो. पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

कारखान्याची ड्रॉइंग बाहेर नेता येत नसत. साहेबांनी स्वतः मालकांकडे जाऊन परवानगी आणली. गिऱ्हाइकाचे नाव नको, मापे नकोत, फक्त पॅनलचा चेहरा पुन्हा काढायचा. मी तो काढला आणि वर लिहिले, 'हे पॅनल मी डिझाइन केले.' खाली साहेबांची सही हवी होती.

त्यांनी वाचले. रागावले नाहीत. "हे सगळं तुम्ही केलंत?"

"साहेब, नावं वाटत बसलो तर माझ्याकडे उरेल काय?"

"तेच तर बघायचंय. चला उल्हासनगरला."

तिथे पार्वतीबाईंना मी तीन रकान्यांचा नवा कागद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "टिकली माझी, बरोबर. पण लाल बटण बाजूला घ्या असं बोलली ती शोभा. माझ्या नावावर नका टाकू, उद्या भांडंल माझ्याशी."

पलीकडच्या पट्ट्यावरून शोभाबाई ओरडल्या, "मी नाय बोलले गं! तूच बोललीस."

"मी कवा?"

साहेब लहान मुलासारखे खूश झाले. "तिसऱ्या रकान्यात घ्या, भोईर."

परतताना पहिल्या रकान्यात माझे एकच वाक्य उरले होते: 'उंचवटा फक्त एकाच बटणावर ठेवला, बाकीची सपाट.' सगळ्या बटणांवर निरनिराळ्या खुणा कराव्यात, असे तेव्हा इतरांचे मत होते. मी घरी पुठ्ठ्यावर तशा खुणा चिकटवून आईला डोळे मिटून चाचपायला लावले होते. सगळीकडे खूण असली की बोट गोंधळते, हे तिथे कळले.

"हे कधी सांगितलं नाहीत मला?" साहेबांनी विचारले.

खरे तर मीच ते विसरलो होतो. 'मी डिझाइन केले' या वाक्यात ते कुठे दिसतच नव्हते.

ठाण्याला मुलाखतीत तासभर त्या एकाच ओळीवर प्रश्न विचारले गेले. पुठ्ठा, आई, सगळे सांगितले. मला घेतले. त्या महिन्यात साहेबांच्या विभागातली दोन माणसे आधीच सोडून गेली होती आणि नव्या यंत्राचे काम अंगावर होते. माझ्या कागदावर सही करणे म्हणजे तिसरा माणूस घालवणे होते. तरी मुलाखतीआधी त्यांनी ती शांतपणे केली होती आणि पेन माझ्याच खिशाला लावून दिले होते.

या लेखासाठी तो कागद परवा काढला. पार्वतीबाई आहेत, शोभाबाई आहेत, माझी आईसुद्धा आहे. साहेबांचे नाव एकाही रकान्यात नाही. फक्त खाली सही. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षातच आले नव्हते. मी शरमून त्यांच्या खरवईच्या घरी गेलो.

साहेबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "मग माझं काय होतं यात? आठवा बरं. मलाही ऐकायचंय."

पुष्कळ आठवून एक गोष्ट खात्रीने सांगता आली. त्या दिवशी बिस्किट कारखान्यात पोचताच मी पेन्सिल काढली होती आणि साहेब म्हणाले होते, "अजून नको. आधी बघू." म्हणून टिकली दिसली. मी ते दुसऱ्या रकान्यात लिहिले.

"असं मी म्हणालो, की पार्वतीबाई म्हणाल्या, सरका जरा, म्हणून आपण थांबलो?" साहेबांना शंका आली. "शोभाबाईंना विचारायला हवं."

साहेब स्वतःसाठी देवाकडे काही मागत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी मागतो. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, नजर शाबूत राहो आणि गुडघे विशेष बळकट राहोत. शोभाबाई हल्ली वांगणीला असतात, स्टेशनपासून बरेच आत, आणि पुढच्या रविवारी आम्हाला तिथे चालत जायचे आहे.