तिसरं बोट

पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी अनामिका आणि करंगळी मिटलेलीच राहिली. डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाचा मला कंटाळा यायचा. मग शेजारच्या तंजावरी मराठी घरातली चिमुरडी शाळेतून आली की माझ्याशी बोटांचा खेळ खेळू लागली.

सुरुवातीला प्रत्येकीच्या दोन्ही हातांचं एकेक बोट उभं. पाळी आली की आपला हात समोरचीच्या हाताला लावायचा. आपली जितकी बोटं, तितकी तिला त्या हातावर वाढवावी लागतात. पाच झाली की हात बाद. अंगठा चालत नाही, आणि बोटं दाखवता आली नाहीत तर हार, हा तिचा नियम. रोज तीच जिंकायची.

एका दुपारी दोघींचा एकेकच हात उरला. माझ्या दुखऱ्या हातावर एक बोट, तिच्या हातावर दोन. पाळी तिची. तिने माझ्या हाताला हात लावला.

"मूणु! तीन दाखवा, आंटी. जमणार नाही तुम्हाला!"

मी दात आवळले. मधलं बोट उठलं. अनामिका थरथरली, कळ कोपरापर्यंत गेली, आणि ती हळूहळू सरळ उभी राहिली. पोरीला सावरायला वेळ न देता मी तिच्या हाताला हात लावला.

"तीन नि दोन पाच! बाद!"

हरलेली ती पोरगीच माझ्याआधी ओरडत जिन्यात धावली, "अम्मा, आंटींचं बोट उघडलं!"

मी मात्र सोफ्यावर बसून, हात उंच धरून, एकटीच मोठ्यांदा हसत होते.